मल्टिफंक्शन कार्ड लावलं की जुना पीसी अडतो: काय तपासायचं, कोणतं कार्ड घ्यायचं

आयबीएम पीसी, एक्सटी, त्यांच्या तैवानी नकला आणि सुरुवातीच्या एटी, एवढ्या मशीनांपुरतं हे लिहितो आहे. नागपुरात अशी मशीन अजूनही निघतात: कॉलेजच्या लॅबमधून बाद झालेली, सीएच्या ऑफिसच्या माळ्यावर पडलेली, कबाड्याच्या ढिगाऱ्यातून कुणीतरी वाचवलेली. दुरुस्तीला येणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. मेमरी, सिरियल, पॅरलल, घड्याळ असं सगळं एकाच पट्टीवर असलेलं कार्ड घातलं आणि आधी नीट चालणारं काहीतरी बंद पडलं. "दादा, कार्ड मेलेलं दिसतंय," असं म्हणतच माणूस येतो.

बहुतेक वेळा कार्ड मेलेलं नसतं. ते त्या मशीनसाठी चुकीचं निवडलेलं असतं, किंवा मशीनमध्ये आधीच असलेल्या एखाद्या भागाच्या पत्त्यावर (म्हणजे मशीन त्या भागाला ज्या आकड्याने ओळखतं त्यावर) जाऊन बसलेलं असतं. म्हणून सोल्डरिंग आयर्न अगदी शेवटी हातात घ्यायची.

लक्षणं

मशीन चालू केल्यावर मेमरीची मोजणी मध्येच थांबते आणि २०१ ने संपणारा आकडा दिसतो. किंवा मोजणी पुरी होते, काम सुरू होतं आणि अचानक "पॅरिटी चेक २" असं लिहून पडदा गोठतो. पॅरिटी म्हणजे मेमरीतले आठ बिट बरोबर आहेत का ते पाहणारा नववा बिट. इथला दोनचा आकडा कामाचा आहे. आयबीएमच्या मशीनमध्ये "पॅरिटी चेक १" म्हणजे मदरबोर्डावरची मेमरी आणि "पॅरिटी चेक २" म्हणजे स्लॉटमधल्या कार्डावरची.

कार्डावर ३८४ केबी असूनही डॉसला (या मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमला) मदरबोर्डाचे २५६ केबीच दिसतात, हे दुसरं लक्षण.

सिरियल माऊस सापडत नाही. दोन सिरियल पोर्ट असताना एकच दिसतो. कालपर्यंत एलपीटी-१ वर (पहिल्या प्रिंटर पोर्टवर) छापणारा प्रिंटर आज गप्प असतो आणि एलपीटी-२ वर पाठवलं की छापतो. फ्लॉपीची ६०१ किंवा हार्ड डिस्कची १७०१ ही चूक नव्यानेच दिसू लागते. दर वेळी तारीख १ जानेवारी १९८० येते.

पंखा जेमतेम हलतो, थांबतो आणि पुढे काहीच होत नाही, हे लक्षण मात्र वेगळं आहे. ते दिसलं तर पुन्हा पुन्हा बटण दाबून पाहू नका. वायर काढा आणि खालचा व्होल्टेजचा भाग आधी वाचा.

कशालाही हात लावण्याआधी

पॅरिटीची चूक येत असेल तर हार्ड डिस्कवर काहीही लिहू नका. डॉस फाइलींचा तक्ता मेमरीत घेतो, बदलतो आणि परत डिस्कवर लिहितो. मेमरी खोटं बोलत असेल तर तो तक्ताच बिघडतो. मग कार्ड दुरुस्त झालं तरी तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या फाइली परत मिळत नाहीत. राइट-प्रोटेक्ट केलेल्या फ्लॉपीवरून मशीन चालू करा आणि पुढच्या सगळ्या तपासण्या तिथूनच करा.

कागद आणि पेन

सर्वांत स्वस्त तपासणी हीच आणि अर्ध्याहून जास्त केसेस इथेच सुटतात. मशीनमध्ये आज काय काय आहे ते लिहून काढा. मदरबोर्डावर मेमरी किती? डिस्प्ले कार्ड कोणतं आणि त्यावर प्रिंटरचा पोर्ट आहे का? फ्लॉपी कोणत्या कार्डावरून चालते? हार्ड डिस्कचं कार्ड कोणतं? घड्याळ आहे का?

मल्टिफंक्शन कार्डं कशासाठी निघाली ते माहीत असेल तर या यादीचं महत्त्व कळतं. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीत फक्त पाच स्लॉट होते. डिस्प्ले आणि फ्लॉपी यांनी दोन खाल्ले. उरलेल्या तिनांत मेमरी, सिरियल, प्रिंटर आणि घड्याळ बसवायचं कसं? १९८३ च्या एक्सटीत स्लॉट आठ झाले, पण घड्याळ तिच्यातही नव्हतं. बॅटरीवर चालणारं घड्याळ मदरबोर्डावर आलं ते १९८४ च्या एटीपासून. ही रिकामी जागा एएसटी रिसर्च कंपनीच्या सिक्सपॅकप्लस कार्डाने भरली: ३८४ केबीपर्यंत मेमरी, एक सिरियल, एक पॅरलल, घड्याळ आणि हवा असल्यास गेम पोर्ट. मदरबोर्डाचे २५६ आणि कार्डाचे ३८४ मिळून बरोबर ६४० होतात. क्वाडरॅमचं क्वाडबोर्डही याच वळणाचं.

म्हणजे हे कार्ड २५६ केबीच्या मशीनसाठी घडवलेलं आहे. आपल्याकडे सापडतात त्यांतल्या बऱ्याच टर्बो (बटणाने वेग वाढवता येणाऱ्या) एक्सटी नकलांच्या मदरबोर्डावर पूर्ण ६४० केबी आधीच असतात. त्यात मेमरी चालू ठेवून सिक्सपॅकप्लस घातलं तर एकाच पत्त्यावर दोन ठिकाणची मेमरी उत्तर देते. मग मशीन गोठलं, पॅरिटीची चूक आली, तर नवल काय? नावाजलेलं कार्ड म्हणून लोक पैसे मोजून ते मिळवतात, पण त्या मशीनला त्यातल्या मुख्य गोष्टीचा उपयोगच नसतो.

माझा सल्ला सरळ आहे. मूळ पीसी किंवा २५६ केबीची एक्सटी असेल तर सिक्सपॅकप्लस जातीचं मेमरीवालं कार्ड घ्या. त्या मशीनला त्याहून चांगली भेट नाही. ६४० केबीची टर्बो एक्सटी असेल तर मेमरी नसलेलं साधं मल्टी-आयओ कार्ड घ्या, ज्यात सिरियल, पॅरलल, घड्याळ आणि बहुधा फ्लॉपी कंट्रोलर असतो. एटी असेल तर आठ बिटी मेमरीच्या कार्डाकडे पाहूच नका. ते हळू चालतं, शिवाय १२८ केबीच्या एकाच पट्ट्यात आठ बिटी आणि सोळा बिटी मेमरी एकत्र नांदत नाही. एटीला घड्याळही वेगळं लागत नाही.

मूळ पीसीसाठी आणखी एक अट आहे. तिच्या बायोसच्या (मशीन चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या, रॉम चिपमधल्या प्रोग्रामच्या) पहिल्या दोन आवृत्त्यांना ५४४ केबीच्या पुढची मेमरी दिसत नाही. २७ ऑक्टोबर १९८२ तारखेच्या बायोसपासून ६४० पर्यंत दिसते आणि हार्ड डिस्कच्या कार्डावरची रॉमही तेव्हापासूनच वाचली जाते. आपली तारीख पाहायला डॉससोबत येणारा डीबग हा प्रोग्राम चालू करून "डी एफ०००:एफएफएफ५" ही आज्ञा द्या. उजवीकडे तारीख दिसेल. जुनी असेल तर कार्ड बदलत बसू नका, आधी बायोसची रॉम बदला.

आणि जातकुळी कोणतीही असो, ज्या कार्डावर प्रत्येक काम वेगळ्या जंपरने (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने) बंद करता येतं तेच कार्ड घ्या. नाव थोडं कमी मोठं असलं तरी चालेल. जे बंद करता येत नाही तेच पुढे नडतं.

फुकटातल्या दोन चाचण्या

टर्बो मशीन असेल तर टर्बो बंद करून पाहा. जुन्या कार्डांवरच्या मेमरी चिप बऱ्याचदा २०० नॅनोसेकंदाच्या असतात. त्या ४.७७ मेगाहर्ट्झला निवांत चालतात आणि १० मेगाहर्ट्झला धापा टाकतात. चिपवर नंबराच्या शेवटी २० लिहिलं असेल तर २०० नॅनोसेकंद, १५ असेल तर १५०. वेग कमी करताच चूक गेली तर कार्ड खराब नाही, त्या वेगासाठी अपुरं आहे. चिप बदला किंवा वेग कमी ठेवा.

दुसरी चाचणी म्हणजे डिस्प्ले, फ्लॉपी आणि हे कार्ड एवढंच ठेवून बाकी सगळी कार्डं काढायची. आता नीट चाललं तर भांडण काढलेल्या कार्डांपैकी कुणाशी तरी आहे. एकेक परत लावत जा. कोणतं लावल्यावर बिघडतं ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल, तर्क करावा लागणार नाही.

बायोसला काय दिसलं ते वाचा

ही तपासणी फार कमी लोक करतात आणि मला ती सर्वांत आवडते, कारण तिला ना पैसा लागतो ना पेचकस. मशीन चालू होताना बायोस आपल्याला सापडलेले पोर्ट मेमरीत एका ठरलेल्या जागी लिहून ठेवतो. डीबगमध्ये "डी ४०:०" अशी आज्ञा द्या. पहिल्या ओळीचे पहिले आठ बाइट सिरियल पोर्टांचे, पुढचे सहा पॅरललचे. बाइट उलटे लिहिलेले असतात. "एफ८ ०३" म्हणजे ३एफ८ आणि "७८ ०३" म्हणजे ३७८. दुसऱ्या ओळीतले चौथा आणि पाचवा बाइट म्हणजे एकूण मेमरी: "८० ०२" असेल तर ६४० केबी, "०० ०१" असेल तर २५६.

कार्डावर दोन सिरियल असून इथे एकच दिसत असेल तर दुसरा बंद आहे किंवा दोघेही एकाच पत्त्यावर आहेत. पोर्ट इथे दिसतो पण माऊस चालत नाही, याचा अर्थ मात्र वेगळा. बायोस सिरियलची मुख्य चिप आहे की नाही एवढंच पाहतो. त्या चिपच्या पुढे जी लाइन ड्रायव्हर चिप असते, तिच्याकडे तो पाहतच नाही. पॅरललमध्ये मात्र तो एक आकडा लिहून परत वाचतो. म्हणून पॅरलल यादीत आला तर निदान लिहिण्या-वाचण्याचा भाग शाबूत आहे असं समजा.

एलपीटीच्या अदलाबदलीचं उत्तरही इथेच मिळतं. बायोस प्रिंटर पोर्ट ३बीसी, ३७८, २७८ याच क्रमाने शोधतो आणि सापडतील तसे नंबर देतो. आयबीएमच्या मोनोक्रोम कार्डावर आणि हर्क्युलिस कार्डावर प्रिंटरचा पोर्ट ३बीसीवर असतो. असं डिस्प्ले कार्ड असेल तर एलपीटी-१ हा मान त्याचा आणि मल्टिफंक्शन कार्डाचा पोर्ट आपोआप एलपीटी-२. यात बिघाड काही नाही. प्रिंटरची केबल दुसऱ्या पोर्टला लावा किंवा प्रोग्राममध्ये नंबर बदला.

घड्याळ: बॅटरीआधी प्रोग्राम

१९८० ची तारीख दिसली की लोक लगेच बॅटरी बदलतात. पण पीसी आणि एक्सटीच्या बायोसला कार्डावरच्या घड्याळाचा पत्ताच नसतो. कार्डासोबत आलेला छोटा प्रोग्राम ऑटोएक्झेक फाइलमध्ये असेल तरच तो घड्याळ वाचून डॉसला तारीख देतो. डिस्क बदलली, डॉस नव्याने टाकलं की तो प्रोग्राम जातो. शिवाय ऑटोएक्झेक फाइल असली की डॉस तारीख विचारतही नाही, त्यामुळे चूक लक्षात येत नाही.

प्रोग्राम त्याच कार्डाचा हवा. सिक्सपॅकप्लसवर एमएम५८१६७ ही चिप २सी० पत्त्यावर असते. तैवानी कार्डांवर चिप आणि पत्ता दोन्ही वेगळे असू शकतात. या चिपमध्ये महिना, दिवस, तास सगळं आहे, फक्त वर्ष नाही. वर्षाचा हिशेब प्रोग्रामला ठेवावा लागतो. म्हणून दिवस-महिना बरोबर आणि वर्ष चुकीचं असेल तर बॅटरी उत्तम आहे. दोन हजारनंतरचं वर्ष समजणारा प्रोग्राम शोधा.

जंपर आणि स्विच

आता मशीन बंद करा, वायर काढा, झाकण उघडा. प्रत्येक जंपरची आजची जागा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि मगच हलवा.

आयआरक्यू म्हणजे कार्डाने प्रोसेसरचं लक्ष वेधायची तार. सिरियल पहिला ३एफ८ आणि आयआरक्यू ४, दुसरा २एफ८ आणि आयआरक्यू ३. पॅरलल ३७८ ला आयआरक्यू ७, २७८ ला आयआरक्यू ५. एक्सटीमध्ये हार्ड डिस्कचं कार्डही आयआरक्यू ५ वरच असतं, आणि १७०१ ची नवी चूक बऱ्याचदा तिथूनच येते. या जुन्या बसवर एक आयआरक्यू दोन कार्डांना वाटून घेता येत नाही. दोघं एकाच तारेला आपापल्या बाजूला ओढतात. डॉसमधून छापायला प्रिंटरचा आयआरक्यू लागतच नाही, म्हणून त्याचा जंपर सरळ काढून टाका. छपाईत काही फरक पडत नाही आणि एक तार मोकळी होते.

फ्लॉपी कंट्रोलर संपूर्ण मशीनमध्ये एकच चालू हवा. मल्टी-आयओवरचा चालू असेल तर जुना बंद करा किंवा काढा. ६०१ चं कारण म्हणून मी आधी हेच पाहतो.

मेमरीचा नियम एकच: मदरबोर्डाची मेमरी जिथे संपते तिथून कार्डाची सुरू झाली पाहिजे. मध्ये खिंडार पडलं तर मोजणी तिथेच थांबते आणि पुढची मेमरी असून नसल्यासारखी होते. मूळ पीसीत तर मदरबोर्डावरचा दुसरा स्विचसंचही एकूण मेमरीशी जुळवावा लागतो. कमी दाखवलात तर तेवढीच दिसते, जास्त दाखवलात तर २०१. एक्सटी स्वतः मोजते, तिथे हा त्रास नाही.

कार्डाचं मॅन्युअल मिळत नसेल तर पट्टीवर छापलेले नंबर घेऊन टोटल हार्डवेअर ९९ या जंपरांच्या जुन्या संग्रहात शोधा. हजारो कार्डांची चित्रं त्यात आहेत.

स्लॉट आणि केबल

आयबीएम एक्सटीचा आठवा स्लॉट, म्हणजे वीजपुरवठ्याच्या शेजारचा, बाकीच्यांसारखा नाही. तिथल्या कार्डाला "मी निवडला गेलो" असा वेगळा इशारा द्यावा लागतो. ती सोय नसलेलं कार्ड तिथे मुकं राहतं. काही कार्डांवर यासाठी वेगळा जंपर असतो. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवून पाहणं हाच सोपा उपाय.

केबलीत एक फसवी गोष्ट आहे. कार्डावरच्या दहा पिनांच्या सिरियल जोडणीपासून मागच्या नऊ पिनांच्या सॉकेटपर्यंत जाणारी पट्टी दोन प्रकारची मिळते आणि दिसायला दोन्ही सारख्याच. एकीत दुसरी पिन सॉकेटच्या दोन नंबरला जाते, दुसरीत सहा नंबरला. कबाडातून कार्ड आणि पट्टी वेगवेगळी उचललेली असेल तर हे हमखास चुकतं. मल्टिमीटरच्या बीपवर दोन पिना तपासल्या तरी कळतं. सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत दहा तारांची फ्लॅट केबल आणि दाबून बसवायचे कनेक्टर मागितले तर हवी तशी पट्टी घरीच करता येते.

सफाई, आणि नागपूरचं हवामान

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, डिसेंबर-जानेवारीत रात्री १० च्या खाली उतरतो. इतक्या चढउताराने सॉकेटमधल्या चिप हळूहळू वर सरकतात. त्यात उन्हाळाभर वाळ्याच्या ताट्यांचा कूलर त्याच खोलीत चालतो. कोरडी धूळ आणि ओलसर हवा एकत्र आली की कथलाचा मुलामा असलेल्या पिनांवर थर चढतो. म्हणूनच जूनमध्ये, मृग लागता लागता, माळ्यावरून काढलेल्या मशीनांच्या तक्रारी वाढतात. जुना पीसी कूलरच्या झोताच्या रेषेत ठेवू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो.

कार्ड सपाट, टणक जागेवर ठेवून प्रत्येक चिप अंगठ्याने सरळ दाबा. बारीक कट्ट असा आवाज आला की ती वर आली होती. सिक्सपॅकप्लसवर पूर्ण मेमरी असेल तर ५४ चिप असतात, एकही सोडू नका. कार्डाच्या सोनेरी कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फारच काळवंडल्या असतील तर मऊ पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि त्याचा चुरा पुसून काढा. पॉलिशचा कागद वापरला तर सोन्याचा थर कायमचा जातो. एप्रिलच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज फार साठते. चिपला हात लावण्याआधी अर्थिंग असलेल्या धातूला स्पर्श करा.

बॅटरी

काही कार्डांवर लिथियमचा नाण्यासारखा सेल असतो, बऱ्याच तैवानी कार्डांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियमची गोल बॅटरी. ही दुसरी बॅटरी गळते आणि आपल्या उन्हाळ्यात लवकर गळते. आसपास हिरवा-निळा थर दिसला तर ती चालू आहे की नाही याचा विचार न करता कापून काढा. गळलेला पदार्थ अल्कधर्मी असतो, म्हणून आधी पांढऱ्या व्हिनेगरने, मग पाण्याने, शेवटी अल्कोहोलने जुन्या टूथब्रशने धुवा आणि पूर्ण वाळू द्या.

त्या जागी लिथियमचं नाणं थेट जोडू नका. कार्डावर जुन्या बॅटरीला चार्ज करणारं सर्किट असतं. लिथियमच्या साध्या सेलमध्ये चार्जिंग गेलं तर तो फुटू शकतो. वाटेत डायोड टाकून चार्जिंग अडवलं तरच नाणं वापरायचं.

व्होल्टेज

मल्टिमीटर मागच्या बाजूने पी८ आणि पी९ (वीजपुरवठ्याकडून मदरबोर्डाला जाणाऱ्या) कनेक्टरमध्ये घाला. काळी तार शून्य, आणि दोन्ही कनेक्टर लावताना काळ्या तारा मध्ये शेजारी शेजारी यायला हव्यात. पाच व्होल्ट ४.८ ते ५.२ मध्ये हवा. आता उणे १२ पाहा, तो पी८ च्या चौथ्या पिनेवर असतो. हा कुणी मोजतच नाही. मशीन त्याच्याशिवाय छान चालू होतं, पण सिरियल पोर्टची १४८८ नावाची लाइन ड्रायव्हर चिप अधिक १२ आणि उणे १२ वर चालते. सिरियल माऊस आपली वीजही याच पोर्टच्या तारांतून घेतो. उणे १२ नाही तर माऊस नाही.

तो ठीक असेल तर पोर्टवरच मोजा. नऊ पिनांच्या सॉकेटवर तीन नंबर आणि पाच नंबर यांच्यामध्ये, काही जोडलेलं नसताना, उणे ९ ते उणे १२ च्या आसपास आकडा यायला हवा. पंचवीस पिनांचा असेल तर दोन आणि सात नंबर. शून्याजवळ आला तर १४८८ गेली. ही चिप जाण्याचं आपल्याकडचं मोठं कारण अर्थिंग आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि दोन वेगळ्या बोर्डांवरून चालणारी दोन यंत्रं केबलने जोडली की त्यांच्यातला फरक या चिपवर उतरतो. खड्ड्यात पाणी घाला आणि मशीन, प्रिंटर, मॉनिटर एकाच पट्टीवरून चालवा. चालू मशीनला प्रिंटरची केबल लावणं-काढणं बंद करा, पॅरललच्या चिप त्यानेच जातात.

मूळ पीसीचा वीजपुरवठा फक्त ६३.५ वॅटचा आहे, एक्सटीचा १३०. मूळ पीसीत भरलेलं मेमरी कार्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही टाकली तर पाच व्होल्ट खाली येतोच. तिथे दोष कार्डाचा नसतो.

पंखा हलून थांबणाऱ्या मशीनसाठी: कार्ड काढल्यावर चालू होतं का? होत असेल तर कार्डावरचा एखादा टॅन्टलम कॅपॅसिटर शॉर्ट आहे. कार्ड बाहेर काढून सोल्डरच्या बाजूने, मागच्या पत्र्याकडून मोजत, पहिली पिन शून्याची, तिसरी पाच व्होल्टची, सातवी उणे १२ ची, नववी अधिक १२ ची. शून्य आणि बाकीच्यांमधला रोध मोजा. दोन-तीन ओहमच्या खाली आला तर त्याच लाइनवरचा टॅन्टलम शोधायचा. १२ च्या लाइनवर १६ व्होल्टचा बसवलेला असेल तर बदलताना २५ चा घ्या.

मेमरीच्या चिप

इथपर्यंत सगळं ठीक असूनही २०१ येत असेल तर आता चिपवर संशय घ्यायला हरकत नाही. २०१ च्या लगेच आधीचे दोन अंक कोणता बिट चुकला ते सांगतात: ०१, ०२, ०४, ०८, १०, २०, ४०, ८० हे आठ बिट, आणि ०० असेल तर नववी, पॅरिटीची चिप. त्याआधीचा आकडा पत्त्याचा. २५६ केबीच्या आयबीएम एक्सटीत तो ४ ते ९ ने सुरू होत असेल तर दोष कार्डावर आहे.

एका रांगेत नऊ चिप, एका रांगेचे ६४ केबी. संशयित चिप दुसऱ्या रांगेतल्या चिपशी अदलाबदल करा. चूक चिपसोबत दुसरीकडे गेली तर चिप दोषी. चूक जागच्या जागी राहिली तर सॉकेट किंवा मागचं सर्किट. एकाच वेळी अनेक बिट चुकत असतील तर चिप बदलत बसू नका, पूर्ण रांगेला इशारे देणारा भाग बिघडला आहे. खाच कुठल्या दिशेला आहे ते दोनदा पाहून मगच चिप बसवा. ४१६४ मध्ये (६४ केबीच्या रांगेतल्या चिपमध्ये) पाच व्होल्ट आठव्या पिनेवर आणि शून्य सोळाव्यावर असतो. उलटी बसवली की ती गेलीच. सुरुवातीच्या पीसीच्या मदरबोर्डावरच्या १६ किलोबिटच्या चिप दिसायला तशाच असतात, पण त्यांना तीन वेगळे व्होल्टेज लागतात. तिथे ४१६४ घालू नका.

इथे थांबा

वीजपुरवठ्याचा डबा उघडायची वेळ आली तर थांबा. आत सुमारे ३०० व्होल्टवर चार्ज झालेले कॅपॅसिटर असतात आणि वायर काढल्यावरही काही काळ तसेच राहतात. उणे १२ नाही, पाच व्होल्ट डगमगतो, जळका वास येतो, अशा वेळी एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) दुरुस्त करणाऱ्याकडेच जा. मॉनिटरच्या आतल्या भागालाही हेच लागू. अर्थिंगची तार आणि खड्डा तपासायला वायरमनला बोलवा, स्वतः खोदाखोदी करू नका.

बॅटरीच्या गळतीने पट्टीवरचे तांब्याचे मार्ग खाल्ले असतील, सॉकेट उपटून नवीन बसवायचं असेल, थेट सोल्डर केलेली चिप काढायची असेल आणि तुमच्याकडे सोल्डर शोषणारा पंप व सराव दोन्ही नसेल, तर तिथेही थांबा. पट्टीतलं एक छिद्र उखडलं की दहा रुपयांच्या चिपसाठी आख्खं कार्ड जातं. हार्ड डिस्कवर कुणाच्या कामाचा डेटा असेल आणि १७०१ जात नसेल, तर डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. आधी डेटा काढून देणारा माणूस गाठा.

दुरुस्तीला देताना कार्ड एकटं देऊ नका. जंपरांचे फोटो, मशीनमधल्या बाकी कार्डांची यादी, पडद्यावर आलेला पूर्ण आकडा आणि डीबगमध्ये दिसलेल्या पहिल्या दोन ओळी कागदावर लिहून सोबत द्या. कोणकोणत्या चिप अदलाबदल केल्या तेही लिहा, म्हणजे त्यांना त्या पुन्हा हलवाव्या लागणार नाहीत.